आयचं नाव, बारीक अक्षरात

चांगदेव तरे यांच्या घरातला जुना राउटर चालू होता, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. बंद पडलेल्या वस्तूचं काय करायचं ते माणसाला कळतं. दुरुस्तीला टाकावी, भंगारवाल्याला द्यावी, नाहीतर माळ्यावर चढवून विसरून जावी. पण एखादी वस्तू दिसायला मरणपंथाला लागलेली आणि कामाला मात्र चोख असली, की घरातल्या कर्त्या पुरुषाचे हात शिवशिवायला लागतात.

राउटरचा कान, म्हणजे अँटेना, एका बाजूनं मोडला होता आणि तो पतंगाच्या मांज्यानं बांधलेला होता. बूड तापतं म्हणून त्याला पापडाच्या रिकाम्या डब्यावर बसवलं होतं. शेजारच्या शेडमध्ये अब्दुर्रहमानभाईंचे कापडाचे बारा लूम सुरू झाले की कामतघरची ती अख्खी गल्ली थरथरे, आणि त्या थरथरीत राउटर दुपारी एकदा डोळे मिटून घेई. मग पार्वतीबाई पोळ्या लाटता लाटता उठून त्याला पिठाच्या हातानं एक टपली देत. तो जागा होई. हे दोन वर्षं बिनतक्रार चाललं होतं. मुलगा हितेश ऑकलंडला जाताना बजावून गेला होता, “बाबा, याला हात लावू नका. आय टपली मारते तेवढंच त्याचं औषध.”

आता, “हात लावू नका” हे वाक्य जगात कुणाला सांगायचं नसेल तर ते जकात नाक्यावरच्या निवृत्त कारकुनाला. चांगदेवरावांनी तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात लावला होता. ताडपत्री वर करून पाहिल्याशिवाय आणि कागद उलटसुलट केल्याशिवाय त्यांनी कुणाला पुढे सोडलं नव्हतं. माणसांची ते दोनच प्रकारांत वाटणी करत: कागद असलेली आणि कागद नसलेली. निवृत्तीनंतर अडवायला ट्रक उरले नाहीत, म्हणून ते घरातल्या वस्तू अडवत.

निमित्तही तसंच होतं. हितेशला पाच आठवड्यांपूर्वी मुलगी झाली होती. रविवारी सकाळी अकराला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी, बारसं. पाळणा ऑकलंडमध्ये, पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या, म्हणजे थोरली लेक निशा, दिघाशीला दिलेली. तेव्हा निशानं इथे कंप्युटरसमोर बसून बोलायचं, तिथे हेडफोन पोरीच्या कानाजवळ धरायचा, असं ठरलं होतं. नाव फोनवरूनही सांगता आलं असतं. पण पार्वतीबाईंनी नात अजून नुसती फोटोत पाहिली होती, आणि फोटोत ती प्रत्येक वेळी झोपलेली. “हालते कशी, रडते कशी, मना बगायचंय,” एवढं एकच मागणं त्यांनी केलं होतं. पार्वतीबाई मागणं फारसं करत नसत. केलेलं मागणं त्या परत बोलूनही दाखवत नसत, त्यामुळे ते जास्त लक्षात राहायचं.

शनिवारी सकाळी चांगदेवराव राउटरकडे बघत उभे होते. उद्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं येणार. परदेशातल्या मुलाच्या बापाच्या घरी पापडाच्या डब्यावर बसलेला, मांजा बांधलेला राउटर! कसं दिसेल ते?

“अब्दुर्रहमानभाई!” त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरून हाक मारली. “याचं काय करू?”

अब्दुर्रहमानभाईंचा सल्ला कधी चुकत नसे, कारण चुकला की तो त्यांनी दिलेलाच नसे. ते तोंडातली दात कोरायची काडी काढून म्हणाले, “देख चांगदेव, बुढा लूम काय करतो माहितेय? रोज चालतो. आनि ज्या दिवशी पार्टी माल बघायला येते ना, त्याच दिवशी धागा तोडतो. ऐन वक्ताला दगा. बदल टाक.”

“बदलू?”

“मी तुज्या जागी असतो तर काल बदलला असता.”

झालं. दहा वाजता चांगदेवराव राउटर पिशवीत घालून नाक्यावरच्या भाविकच्या कंप्युटरच्या दुकानात हजर. पार्वतीबाईंनी विचारलं, “त्याला कुठं नेताव?” तर म्हणाले, “तू च्या टाक. हे टेकनिकल काम हाय.”

भाविकनं खोक्यातून नवा राउटर काढला. पांढराशुभ्र, दोन कान ताठ, चपटा. जुन्याच्या शेजारी ठेवल्यावर तो नवरदेव आणि जुना त्याचा आजारी काका वाटायला लागला.

“अंकल, याला काही करायचंच नाही. घरी न्या, वायर लावा, विसरून जा.”

“सेटिंग?”

“आपोआप.”

“आन् जुना?”

“एक्स्चेंजमध्ये द्या. इथंच ठेवा.”

चांगदेवरावांनी जुना राउटर काउंटरवर ठेवला. ज्या माणसानं तीस वर्षं कागदाची मागची बाजू पाहिल्याशिवाय शिक्का मारला नाही, त्यानं आयुष्यात एकदाच एक वस्तू उलटी करून पाहिली नाही, आणि ती नेमकी ही. जुन्याच्या पोटाला हितेशच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती.

घरी आल्यावर वायरी लागल्या, दिवे लागले, नेट मात्र लागलं नाही. कंप्युटरवर एक पाटी आली: युजरनेम सांगा, पासवर्ड सांगा. “आपोआप” म्हणजे काय, याचा चांगदेवरावांनी थोडा वेळ विचार केला. मग ते भाविककडे परत गेले.

“युजरनेम-पासवर्ड होय? ते तर तुमचं तुम्हाला माहीत असणार ना, अंकल. जुन्याच्या आत भरलेलं होतं. खाली चिठ्ठी पण होती बहुतेक.”

“मंग दे तो जुना.”

“तो गेला. साडेदहाच्या टेम्पोनं. पंचवीस जुने होते, एकदम पोत्यात भरून दिले.”

एखादा माल आपल्या डोळ्यांसमोर नाका ओलांडून गेला, हा अनुभव चांगदेवरावांना नवा होता. त्यांनी फक्त टेम्पोचा नंबर विचारला. भाविकला तो माहीत नव्हता. “टेम्पोचा नंबर लिहून घेत न्हाय?” असं दोनदा म्हणून ते बाहेर पडले, आणि ज्या अंबर केबल नेटवाल्यांचं कनेक्शन होतं त्यांच्या तलावाजवळच्या ऑफिसात गेले.

काचेमागे लडकू बसला होता. लडकू हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना तो पुढे एवढा वाढेल याची कल्पना नसावी. खुर्ची त्याच्या मापाची नव्हती आणि काचेतलं भोक तर नव्हतंच नव्हतं. त्यानं चांगदेवरावांना पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“या काका. वळखलंत? लाल टेम्पो. शिक्का पुसट हाय बोलून तीन तास उभा केला व्हता मना. भर उन्हात.”

चांगदेवरावांना तो टेम्पो लख्ख आठवला. नंबरासकट. पण ती वेळ नंबर सांगायची नव्हती.

“नेट लागत न्हाय,” ते म्हणाले.

लडकूनं खटाखट बटणं दाबली. “लागंल कसं? ॲड्रेस मॅच होत न्हाय.”

“असं कसं? मी तीस वर्षं तिथंच रहातो.” चांगदेवरावांनी शबनम पिशवीतून रेशनकार्ड काढलं, लाइटबिल काढलं, घरपट्टीची पावती काढली आणि भोकातून एकेक आत सरकवलं. “कामतघर, शाळेच्या मागं, घर नंबर—”

“तुमचा न्हाय काका. राउटरचा ॲड्रेस.”

“राउटर माज्याच घरात रहातो ना? का त्याचं भाड्यानं कुठं घेतलंय?”

रांगेतल्या दोघांना हे पटलं. एक तर म्हणाला, “बराबर हाय, ज्याचं घर त्याचा पत्ता.” मग लडकूनं समजावलं की प्रत्येक राउटरला कंपनीनं एक नंबर दिलेला असतो, त्याला ॲड्रेस म्हणतात, जुन्याचा ऑफिसात नोंदलेला होता, नव्याचा नाही, आणि तो नंबर राउटर उलटा केला की पोटावर लिहिलेला सापडतो. हे शेवटचं वाक्य ऐकून चांगदेवरावांनी भोकातून आपले कागद परत ओढून घेतले.

ते घरी गेले, राउटर उलटा केला, नंबर उतरवला, पुन्हा ओळीत उभे राहिले. लडकूनं नंबर नोंदवला. युजरनेमही कागदावर लिहून दिलं.

“आन् पासवर्ड?”

“तो आमाला पन दिसत न्हाय. हे बगा.” लडकूनं स्क्रीन वळवला. पासवर्डच्या जागी चांदण्यांची रांग होती. “तुमच्यासाठी चांदन्या, आमच्यासाठी चांदन्या.”

“मंग नवा दे.”

“ज्याच्या नावावर कनेक्शन हाय त्यानं येऊन सही करायची.”

“तो ऑकलंडला हाय!”

“मंग त्याचं अधिकारपत्र आना.”

“फॅक्स चालंल?”

लडकू मागे रेलला. खुर्ची कुरकुरली. “काका, तुमी नाक्यावर झेरॉक्स चालवून घ्यायचात?”

गंमत अशी की मनातून चांगदेवरावांना लडकूचं कौतुक वाटलं. पोरगा नियमाला पक्का आहे. फक्त तो नियम आपल्यावर चालला नसता तर बरं झालं असतं.

राहता राहिला एक मार्ग: हितेशला विचारणं. पण हितेशला विचारायचं म्हणजे “हात लावू नका” सांगितलेल्या वस्तूला आपण नुसता हातच लावला नाही, तर ती टेम्पोत बसवून रवाना केली, हे कबूल करायचं. शिवाय कालच त्यांनी त्याला ठणकावून सांगितलं होतं, “इकडचं सगळं रेडी हाय, तुमी तुमचं बगा.” तेव्हा त्यांनी सुनेला फोन लावला. हितेश रात्रपाळीला गेला असणार आणि ड्युटीवर फोन लॉकरमध्ये असतो, हे त्यांना माहीत होतं. सुनेकडून सहज बोलता बोलता काढून घ्यावं, तिलाही कळू नये. परदेशी बोलायचं फोनकार्ड होतं, त्यात तीस मिनिटं शिल्लक होती.

“उन्नती, तिकडं थंडी कशी काय?”

“बाबा, इथे आता उन्हाळा आहे.”

“हां, म्हंजे उन्हाळ्यातली थंडी.”

असं थंडीवरून सुरू करून ते पाण्यावर आले, पाण्यावरून भाजीवर, भाजीवरून शेजारपाजारावर. चौकशीचा संशय येऊ नये म्हणून त्यांनी इतकी चौकशी केली की उन्नतीला वाटलं, बाबांची तब्येत बरी नाही. शेवटी ते म्हणाले, “सहज आठवलं म्हनून विचारतो. समजा एखाद्या मानसाला आपल्या नेटचा पासवर्ड सांगायचा झाला—”

“बाबा, नेट बंद पडलंय का?”

“छे छे! पळतंय.”

“आईंचं नाव आहे बाबा. हितेशनं सगळीकडे तेच ठेवलंय. सगळं स्मॉल लेटरमध्ये, आणि मध्ये स्पेस—”

इथे फोनकार्ड संपलं. घरच्या फोनवरून परदेशी फोन लागू नये म्हणून हितेशनंच कुलूप घालून ठेवलं होतं, आणि त्याचा आकडाही त्याच्याचकडे होता.

पण काम झालं होतं. चांगदेवरावांनी पाठकोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात नोंद केली: “आयचं नाव, बारीक अक्षरात.” खाली तारीख घातली. मग बसले आणि एका बोटानं टाइप केलं: parvati.

चुकीचा पासवर्ड.

पुन्हा टाइप केलं. पुन्हा चुकीचा. तेवढ्यात वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. आल्यावर parwati. मग paarvati. मग parvatibai. त्या रात्री चांगदेवरावांनी जेवताना मान वर केली नाही. पार्वतीबाईंनी “नेटला काय झालंय?” विचारलं तर म्हणाले, “तुला न्हाय कलायचं ते. उद्या घुगऱ्या किती करनार हायेस?”

रविवारी सकाळी आठला निशा दिघाशीहून आली. अंगावर नवी साडी, हातात पोरीसाठी विणलेलं टोपडं. ते पोरीला कॅमेऱ्यातून दाखवायचं होतं. सगळं ऐकून ती मटकन खाली बसली. नवं फोनकार्ड आणावं तर रविवारचं दुकानही बंद.

“बाबा, अकराला नेट लागलं न्हाय तर ते लोक मुहूर्त थांबवनार न्हायेत. वैनीची एक मैत्रीन हाय तिकडं, पंजाबी. तिला आत्या करतील. पंजाबी आत्या, बाबा! आन् आय? तिनं दोन दिवस झोप घेतली न्हाय.”

“आयला काय सांगू नको,” चांगदेवराव घाईघाईनं म्हणाले. “तिला कामात राहू दे. पासवर्ड आपल्याला म्हाईत हाय. फक्त स्पेलिंगचा प्रश्न हाय.”

नऊला अब्दुर्रहमानभाई आले. “मी बोललो होतो ना, चालत्या मशीनला हात नको लावू.” चांगदेवरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. अब्दुर्रहमानभाईंनी पाठकोरा कागद वाचला आणि भिवया उंचावल्या. “अरे, इथे लिखा है, बारीक अक्षरात. तू एवढा मोठा टाइप करतो. अक्षर छोटा कर.”

“चाचा, स्मॉल म्हंजे तसं न्हाय,” निशा म्हणाली. “कॅपिटल न्हाय ते स्मॉल.”

“बेटी, बारीक म्हणजे बारीक. करून बघायला काय जातंय?”

करून बघितलं. अक्षर इतकं बारीक केलं की कुणालाच दिसेना. पासवर्ड चुकीचाच होता, फक्त आता चूक कुठे आहे तेही दिसेनासं झालं.

मग चांगदेवरावांना सुचलं की हा कागदपत्रांचा प्रश्न आहे आणि कागदपत्रांत आपला हात कुणी धरू शकत नाही. त्यांनी कपाटातली फाइल काढली. रेशनकार्डावर पार्वती होती, बँकेच्या पासबुकात पारवती, मतदार यादीत पार्वताबाई, दवाखान्याच्या कागदावर नुसतीच पी. सी. तरे. प्रत्येक कचेरीनं पार्वतीबाईंची वेगळी बाई करून ठेवली होती. चांगदेवराव एकेक पुकारत, निशा टाइप करत होती, आणि कंप्युटर एकाच चेहऱ्यानं सगळ्यांना परत पाठवत होता. ते पाहताना चांगदेवरावांना राहून राहून वाटलं की हा नाक्यावर असता तर मोठ्या पदाला गेला असता.

दहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. शेजारणी पाळण्याची गाणी म्हणायच्या तयारीनं चटईवर बसल्या. अब्दुर्रहमानभाईंची जमिलाभाभी खजुराचा डबा घेऊन आली आणि दोन मिनिटांत पासवर्डाच्या कामात शिरली. आता ही गोष्ट गल्लीची झाली. कुणी म्हणालं शेवटी आणखी एक इंग्रजी आय लावा, नशीब उघडतं. कुणी म्हणालं आधी श्री लिहा. निशाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. घड्याळात पावणेअकरा झाले होते. चांगदेवराव घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण कुठल्या तरी नाक्यावर बिनकागदाचे पकडले गेलो आहोत, असं त्यांना वाटत होतं.

“अरे, पार्वती में ए कितने डाले?” जमिलाभाभी ओरडली.

स्वयंपाकघरातून पार्वतीबाई घुगऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. “माजं काय मोजताव?”

“तुजं नाव,” चांगदेवराव पडेल आवाजात म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “हितेशनं तुजं नाव पासवर्ड ठेवलाय. लागत न्हाय.”

“माजं? कुठलं?”

“कुठलं म्हंजे? तुला नावं हायेत तरी किती?”

पार्वतीबाईंनी ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. “दोन हायेत. एक तुमी ठेवलेलं, एक माज्या बापानं ठेवलेलं.”

निशानं टाइप करणं थांबवलं.

“हितेश जायच्या आधी कंप्युटरवर काय तरी भरत बसला व्हता,” पार्वतीबाई म्हणाल्या. “बोलला, आये, हा विचारतो आयचं माहेरचं नाव काय. मी बोलली, बरं हाय बाबा, कुनी तरी विचारतो. मंग सांगितलं. त्यानं माज्यासमोर टाकलं. बोलला, आता सगळीकडं हेच ठेवतो, कुनाला म्हाईत न्हाय म्हंजे चोरी व्हायची न्हाय.”

“मंग कालपासून बोलली का न्हायस?”

“मना कोन बोललं, माजं नाव शोधताव म्हनून? मना बोललाव, तू च्या टाक.”

निशा टाइप करायला सरसावली. “सांगा बाबा लवकर. काय नाव आयचं?”

सगळ्यांनी चांगदेवरावांकडे पाहिलं. चांगदेवरावांनी छताकडे पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वीचं लग्न त्यांना स्वच्छ आठवत होतं. ताटात तांदूळ पसरले होते, अंगठीनं त्यांनी नवं नाव लिहिलं होतं. रफार चुकला म्हणून तांदूळ हलवून पुन्हा लिहिलं होतं, हेसुद्धा आठवत होतं. त्या दिवशी वरातीला आलेल्या ट्रकचा नंबर आठवत होता. पण त्या ताटातल्या तांदळाखाली जे नाव गेलं, ते काही केल्या वर येईना.

“हिरा...” ते चाचरत म्हणाले. “हिराबाय?”

“हिरा माजी धाकटी भैन,” पार्वतीबाई म्हणाल्या.

चटईवरची एक बाई फस्सकन हसली आणि मग सगळीच खोली हसली. अब्दुर्रहमानभाई तर भिंतीला टेकले. “चांगदेव, तू जकात घेतला, मालाचं नाव नाही विचारला!” चांगदेवरावांचे कान लाल झाले. एरवी ते असं कुणाकडून ऐकून घेत नसत. पण आज त्यांनी कुणाकडे डोळे वटारले नाहीत. ते बायकोकडे बघत होते.

“नवशी,” पार्वतीबाई म्हणाल्या. “तीन भाऊ माज्या आधीचे. बापानं देवीला नवस केला, मना पोरगी दे. लोकं हसली त्याला. पोरगी कोन मागतो? त्यानं मागितली. म्हनून नवशी.”

चांगदेवरावांनी निशाला बाजूला सारलं आणि स्वतः टाइप केलं. एका बोटानं, जपून. navshi.

चुकीचा पासवर्ड.

“हेबी न्हाय!” ते जवळजवळ ओरडलेच.

“सरका,” पार्वतीबाई म्हणाल्या. “त्यानं सात बोटं मारली व्हती. मी मोजली. तुमी सहाच मारलाव.”

त्या खुर्चीत बसल्या. दोन वर्षांत त्या या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. ती पुसली मात्र रोज होती. निशानं मागून वाकून अक्षरं दाखवली, मधे राहिलेलं एक ए घातलं, आणि पार्वतीबाईंनी भाकरी थापणाऱ्या बोटानं एकेक बटण दाबलं. सावकाश, कुठलंही काम करतात तसं. सातवं बटण दाबून झाल्यावर त्यांनी राउटरकडे पाहिलं आणि सवयीनं त्याला एक टपली दिली.

नेट लागलं.

गल्लीत लग्नाची वरात आल्यासारखा गलका झाला. अकराला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर हितेश दिसला, सदरा घातलेला, मागे फुलांनी सजवलेला पाळणा.

“बाबा, सगळं ठीक ना? काल उन्नती बोलली, तुमी लई वेळ थंडीबद्दल विचारत व्हताव.”

“ठीक म्हंजे काय! एकदम रेडी,” चांगदेवराव म्हणाले. पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. तेवढ्या उपकाराची चांगदेवरावांनी मनात नोंद केली.

उन्नतीनं पोरीला कॅमेऱ्यासमोर धरलं. ती जागी होती. हात-पाय झाडत होती, तोंड वाकडं करत होती, आणि मग तिनं सणसणीत भोकाड पसरलं. पार्वतीबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की मागच्यांना फक्त त्यांचा अंबाडा दिसला. “रडते,” त्या मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, जसं काही बाकीच्यांना ऐकूच येत नव्हतं. “आवाज बगा केवडा!”

गाणी झाली. मग निशानं माइक तोंडाजवळ धरला, तिकडे हेडफोन पोरीच्या कानाला लागला. “कुर्रर्र...” करून निशानं नाव सांगितलं: ओवी. रीतीप्रमाणे बायकांनी लगेच आत्याच्या पाठीत गुद्दे घातले. पण आवाज ऑकलंडला पोचायला चार सेकंद लागत होते, त्यामुळे गुद्दे आधी पडले, निशा कळवळली, आणि ऑकलंडच्या पाहुण्यांनी “ओवी!” म्हणून टाळ्या वाजवल्या तोपर्यंत इकडे दुसरी फेरी सुरू झाली होती. निशाला दोनदा मार बसला. ती हसत होती आणि टोपड्यानं डोळे पुसत होती.

“दे तो माइक,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“आये, नाव झालं सांगून.”

“तिचं झालं. माजं ऱ्हायलंय.”

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी माइक ओढून घेतला, तोंडावर पदर धरला आणि हळूच “कुर्रर्र” केलं. मग पोरीच्या कानात आपलं नाव सांगितलं. पदराआडून कुणाला ऐकू आलं नाही, पण काय सांगितलं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

आता चार सेकंद धरायचे हे सगळे शिकले होते. जमिलाभाभीनं तर मूठ उचलून हवेत तशीच रोखली होती. एक, दोन, तीन. चौथ्याला ऑकलंडमध्ये पोरीचं रडं थांबलं, तिनं मान वळवली, आवाज आला तिकडे डोळे किलकिले करून पाहिलं आणि मोठी जांभई दिली.

“ऐकलान!” पार्वतीबाई ओरडल्या.

आणि गुद्दे पडायला लागले. पहिला जमिलाभाभीचा, दुसरा निशाचा, मग चटईवरच्या सगळ्या बायकांचे. शेवटी एक जरा बिचकत बिचकत पडला, सवय नसलेल्या हाताचा. पार्वतीबाईंनी वळून पाहिलं, तर मागे चांगदेवराव उभे होते, मूठ कुठे ठेवावी हे न कळून ती दुसऱ्या हातात धरून. पुरुषांनी असा गुद्दा घालायची रीत नाही, आणि चार माणसांदेखत बायकोला नावानं हाक मारायची तर त्यांच्या घरात कधीच नव्हती.

“लागला का गो, नवशे?” ते म्हणाले.

“लागला,” ती म्हणाली. “एकदाचा.”